पावागडची कालिका आणि पताई रावळ : आख्यायिका व इतिहास

बडोदे शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते. त्या डोंगराची पहिली आख्यायिका नदीच्या नावातच साठवलेली आहे. विश्वामित्र ऋषींनी येथे तपश्चर्या केली आणि शिखरावर कालीची स्थापना केली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. बडोद्याच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरांवर, आजच्या पंचमहाल जिल्ह्यात हा डोंगर सपाट प्रदेशातून एकदम उभा राहतो. त्याची उंची सुमारे ८०० मीटर असून सर्वांत वरच्या सुळक्यावर कालिकामातेचे देवालय आहे. बडोद्यातील गरब्याला या देवतेच्या स्मरणावाचून शोभा येत नाही. वासण्यासारख्या, एके काळी वेगळे गाव असलेल्या आणि आज शहरात सामावून गेलेल्या वस्तीतही नवरात्रात तिचे नाव कानी पडतेच. तेथील मराठी घरांत एकीकडे घट बसतो आणि दुसरीकडे अंगणात गरबा फिरतो. अशा दुहेरी उपासनेत वाढलेल्या पिढ्यांना पताई रावळाची कथा सांगावी लागत नाही. ती त्यांनी गाण्यांतूनच ऐकलेली असते.

प्रस्तुत लेखात या कथेचा व तिच्याशी निगडित आचारांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. हेतू केवळ कुतूहलपूर्तीचा नाही. या कथेने एका ऐतिहासिक पुरुषावर कलंक लावलेला आहे. तो कलंक खरा की खोटा, आणि खोटा असल्यास तो का लावला गेला, हा प्रश्न इतिहास शिकविणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला केव्हा तरी येतोच.

प्रथम स्थानमाहात्म्याकडे वळू. दक्षयज्ञात देह त्यागिलेल्या सतीचे अवयव जेथे जेथे पडले ती शक्तिपीठे झाली, ही पुराणपरंपरा सर्वश्रुत आहे. पावागडावर सतीच्या पायाचे बोट पडले असे कोणी सांगतात, तर कोणी स्तन पडला असे सांगतात. अवयवासंबंधीचा हा मतभेद उपासकांना बाधत नाही. पीठमालिकेत आपला डोंगर गोवला जावा, एवढाच त्या कथेचा हेतू असतो. डोंगराच्या नावाचीही अशीच गोष्ट आहे. विश्वामित्रांची गाय दरीत पडली, तेव्हा ती दरी भरून काढण्यासाठी पर्वत आणला गेला. त्याचा तीन चतुर्थांश भाग जमिनीत गेला व पाव भाग वर राहिला, म्हणून ‘पावागड’, असे एक लोकव्युत्पत्ती सांगते. दुसरीच्या मते सतत वाहणाऱ्या पवनामुळे हा ‘पवनगड’ होय. संस्कृत लेखनात मात्र ‘पावकदुर्ग’, ‘पावकाचल’ अशी नावे येतात. पावक म्हणजे अग्नी. ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेल्या डोंगराला हे नाव पडावे, हा योगायोग भूगर्भशास्त्रज्ञांना गमतीचा वाटेल.

हा डोंगर एकाच संप्रदायाचा कधीच नव्हता. देवालयाच्या खालच्या पठारावर दहाव्या-अकराव्या शतकांतील लकुलीशाचे मंदिर भग्नावस्थेत उभे आहे. गडावरील उभ्या वास्तूंत ते सर्वांत प्राचीन मानले जाते. लकुलीश हा पाशुपत शैवांचा आचार्य. त्याचे जन्मस्थान मानले जाणारे कायावरोहण, म्हणजे कारवण, हेही बडोद्यापासून दूर नाही. जैन परंपरेने या डोंगरास सिद्धक्षेत्र मानले असून रामपुत्र लव व कुश यांच्या निर्वाणाची कथा येथे जोडली आहे. शैव, जैन व शाक्त यांचे तळ एकाच चढावावर पडले होते. त्यांपैकी शेवटी लोकमानसावर राज्य केले ते शिखरावरील देवीने.

देवीच्या गाभाऱ्यात मधोमध कालिकामाता आहे. तिची पूर्णाकृती मूर्ती नसून केवळ रक्तवर्णी मुखवटा आहे. तिच्या एका बाजूस महाकाली व दुसऱ्या बाजूस बहुचरा आहे. मराठी वाचकास येथे माहूरच्या रेणुकेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. तेथेही देवीचे मुखच पूजिले जाते आणि त्या मुखाभोवती परशुरामाच्या मातृवधाची कथा गुंफलेली आहे. हातापायांनी युक्त अशी शास्त्रोक्त मूर्ती घडविण्यापूर्वी डोंगरातील एखादी शिळा, तांदळा किंवा मुख एवढ्यालाच देवी मानण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पावागडचा मुखवटा त्याच कुळातील असावा, असे आम्हांस वाटते.

उपासनेचे मुख्य काळ दोन : चैत्र व आश्विन. चैत्री पौर्णिमेस व दसऱ्यास मोठी यात्रा भरते आणि गुजरातेबरोबरच महाराष्ट्र, राजस्थान व मध्य प्रदेशातून यात्रेकरू येतात. नारळ व चुनरी वाहणे आणि पायऱ्या चढून जाण्याचा नवस फेडणे हे नित्याचे आचार आहेत. पूर्वी येथे पशुबली दिला जात असे; ती प्रथा बंद पडून दीर्घ काळ लोटला आहे. १८५९ च्या सुमारास काठेवाडातील लिंबडीच्या ठाकोरांनी मंदिरात संगमरवरी फरशी बसविली. १९८६ पासून रज्जुमार्ग सुरू झाला आणि ज्यांना चढ झेपत नाही अशांनाही दर्शन सुलभ झाले. तरीही पायी चढणाऱ्यांची संख्या ओसरलेली नाही. कष्टाने घेतलेल्या दर्शनाचे पुण्य अधिक, ही भावना यंत्राने पुसली जात नाही.

आता मूळ कथेकडे येऊ. चांपानेर ही पावागडच्या पायथ्याची राजधानी. तेथील पताई रावळ हा देवीचा भक्त होता. एकदा नवरात्रात स्त्रिया गरबा खेळत असता स्वतः कालिका सुंदर स्त्रीचे रूप घेऊन त्यांच्यात मिसळली. राजाची दृष्टी तिच्यावर गेली आणि मोहाने अंध होऊन त्याने तिचा पदर धरला. देवीने त्यास सावध केले. दुसरे काहीही माग, राज्य माग, संतती माग, असे सांगितले. राजाने तिच्याच प्राप्तीचा हट्ट धरला. तेव्हा देवीने आपले रूप प्रकट करून शाप दिला की, तुझे राज्य लयास जाईल. त्यानंतर सुलतान महंमूद बेगडा चालून आला, गड पडला आणि राजवंश बुडाला.

कथेचा शेवट इतिहासास धरून आहे. सुरुवात मात्र नाही. चांपानेर येथे खीची चौहानांचे राज्य होते. या घराण्याचा गुजरातच्या सुलतानांशी संघर्ष एका पिढीचा नव्हता. अहमदशहाने १४१८ मध्ये चांपानेरवर स्वारी केली होती. पुढे महंमदशहा दुसरा चालून आला तेव्हा गंगदास रावळाने माळव्याच्या महमूद खिलजीचे साहाय्य मागून आपले राज्य राखले. १४८२ साली गुजरातेत अवर्षण होते. सुलतानाच्या एका सीमेवरील अधिकाऱ्याने चांपानेरच्या मुलखात लूट केली व रावळाच्या सैन्याशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला. महंमूद बेगड्यास जे निमित्त हवे होते ते मिळाले. त्या वर्षाच्या अखेरीस मोहीम निघाली आणि पुढे गडास वेढा पडला.

रावळ जयसिंह याने तहाची बोलणी करून पाहिली. ती फेटाळली गेली. त्याने माळव्याच्या गियासुद्दीनाकडे मदत मागितली. तो दाहोदपर्यंत आला आणि तेथूनच परत फिरला. आपण वेढा उठविणार नाही हे दाखविण्यासाठी महंमूदाने छावणीतच मशिदीचा पाया घातला, असे इतिहासकार नमूद करतात. वेढा सुमारे वीस महिने चालला. शेवटी एका सकाळी गडकरी स्नानादी नित्यकर्मांत गुंतले असता सुलतानाचे लोक आत शिरले. गडावर जोहार झाला. २१ नोव्हेंबर १४८४ या दिवशी पावागड पडला. जयसिंह जखमी होऊन हाती लागला, आणि धर्मांतरास नकार दिल्यावर त्यास ठार मारण्यात आले. हा वृत्तांत त्याच्या शत्रुपक्षाच्या बखरकारांनी, फार्सी तवारिखांनी राखून ठेवलेला आहे. त्यांत युद्धाचे कारण सरहद्दीवरील चकमक हे आहे. गरब्याचा वा पदराचा तेथे प्रश्नच नाही.

कालगणनेचाही मेळ बसत नाही. कथेतील प्रसंग वेढ्यापूर्वीच्या, म्हणजे १४८२ च्या आश्विनातील मानला, तर शापाचे फळ दोन वर्षांनी मिळाले असे होते. तो १४८४ च्या आश्विनातील मानला, तर त्या वेळी गड दीड वर्षाच्या वेढ्याने जर्जर झालेला होता; सुलतान शापापूर्वीच दाराशी येऊन बसला होता. कथेला कार्यकारणाचा जो क्रम हवा आहे, तो तारखा मान्य करीत नाहीत.

‘पताई’ हे नावही विचार करण्यासारखे आहे. ते ‘पावापति’, म्हणजे पाव्याचा स्वामी, याचे अपभ्रष्ट रूप होय, हे मत सामान्यतः मान्य झालेले आहे. म्हणजे पताई हे व्यक्तीचे नाव नसून पदाचे नाव आहे. गंगदास हाही पताई होता आणि जयसिंह हाही पताईच होता. लोककथेने पदनामाला व्यक्तिनाम केले, आणि मग घराण्याच्या पतनाचा सारा भार त्या एका नावावर टाकला.

चौहान राजांचे देवीशी नाते त्यांच्याच काळात कसे मानले जात होते, याचा एक समकालीन साक्षीदार सुदैवाने उपलब्ध आहे. विजयनगरकडून आलेल्या गंगाधर नावाच्या कवीने पंधराव्या शतकाच्या मध्यास ‘गंगदासप्रतापविलास’ हे संस्कृत नाटक लिहिले. गंगदास रावळ व महंमदशहा यांच्यातील युद्ध हा त्याचा विषय. त्यात पावागडच्या महाकालीचा व तिच्या स्थानाचा निर्देश आहे. नाटकाच्या प्रस्तावनेतील विजयनगरविषयक मजकुराकडे इतिहाससंशोधकांचे लक्ष आधीच गेले होते. समग्र नाटक बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराने १९७३ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. ही ग्रंथमाला महाराज सयाजीराव तिसरे यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये सुरू झाली होती. मराठी राजाने उभारलेल्या संस्थेमुळे चांपानेरच्या राजपूत राजाची बाजू मांडणारा ग्रंथ विद्वानांच्या हाती आला, ही गोष्ट बडोदेकरांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. या नाटकात राजा विजयी आहे आणि देवी त्याच्या पाठीशी आहे. पतनापूर्वी सुमारे पस्तीस वर्षे जी देवी रावळाची रक्षक होती, ती पतनानंतर त्याची शापदात्री झाली.

हे परिवर्तन का घडले? आमच्या मते याचे उत्तर पराभवाच्या मानसशास्त्रात आहे. गड दुर्गम होता, देवी जागृत होती, राजा शूर होता. तरी पराभव झाला. मग दोष कोणाचा? देवी दुर्बल ठरली असे म्हणणे भक्तांना शक्य नव्हते. शत्रूचा देव अधिक बलवान असे म्हणणे त्याहून अशक्य होते. उरला राजा. राजाने अपराध केला, देवीने कृपा काढून घेतली आणि शत्रू हा केवळ तिच्या कोपाचे साधन झाला, अशी मांडणी केली की देवीचे सामर्थ्य अबाधित राहते. किंबहुना ते वाढते. राज्य गेले, परंतु देवी गेली नाही. श्रद्धा टिकविण्यासाठी समाजाने आपल्या राजाची कीर्ती किंमत म्हणून मोजली.

याच विचाराची दुसरी बाजू महाराष्ट्रात दिसते. भवानीने शिवछत्रपतींना तलवार दिली, ही कथा मराठी मनात घर करून आहे. १६५९ मध्ये अफझलखान तुळजापूरच्या वाटेने आला आणि प्रतापगडाखाली मारला गेला. १६६१ मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. तेथे विजय हा देवीचा प्रसाद मानला गेला, येथे पराजय हा देवीचा कोप मानला गेला. दोन्ही कथांचे गृहीत एकच आहे : राज्य हे देवीचे देणे आहे, राजाच्या मालकीची वस्तू नव्हे. ज्याच्या हाती यश आले त्याला तलवार मिळाली. ज्याला अपयश आले त्याच्या हाती पदर आला.

तिसरे उदाहरण खुद्द गायकवाडांचे आहे. पावागडच्या गाभाऱ्यात जी बहुचरा आहे, तिचे मुख्य स्थान आजच्या मेहसाणा जिल्ह्यातील बहुचराजी येथे आहे. तेथील मोठे देवालय मानाजीराव गायकवाडांनी बांधले. पाठीवरील असाध्य गळू देवीच्या कृपेने बरे झाले म्हणून त्यांनी ते बांधले, अशी आख्यायिका आहे. बांधकामाचा काळ काही ठिकाणी इसवी सन १८३९ असा दिलेला आढळतो. तो संवत् १८३९ आहे, म्हणजे इसवी सन १७८३. मानाजीराव त्या वेळी राज्याचे सूत्रधार नव्हते. कारभार फत्तेसिंगरावांकडे होता, आणि मानाजीरावांच्या हाती तो १७८९ ते १७९३ या काळात आला. दसऱ्यास देवीला नवलखा हार घालून पालखी निघते. तो हारही मानाजीरावांनी अर्पण केल्याचे सांगतात. दक्षिणेतून आलेल्या सत्ताधीशाला या भूमीत रुजायचे असेल, तर येथील देवीपुढे नम्र व्हावे लागते, हे गायकवाडांनी ओळखले होते. पताईची कथा ऐकलेल्या प्रजेला मानाजीरावांचे नमन निराळ्याच अर्थाने पटले असेल.

पावागडही दीर्घ काळ मराठ्यांच्या ताब्यात होता. अठराव्या शतकात तो शिंद्यांकडे आला. १७ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी वुडिंग्टन याने तो घेतला, आणि सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर १८०४ मध्ये शिंद्यांना परत मिळाला. १८५३ मध्ये पंचमहालचा कारभार इंग्रजांकडे गेला व १८६१ मध्ये तो प्रदेश कायमचा त्यांच्याकडे आला. सत्तांतरे एवढी झाली, तरी शिखराकडे जाणारी यात्रेकरूंची वाट मोडली नाही.

या इतिहासातील आणखी एक धागा सोडता येणार नाही. देवालयाच्या माथ्यावर सदनशहा पिराचा दर्गा होता. त्याविषयीची कथा अशी की, राजावर कोपलेली देवी नगराचा संहार करू लागली तेव्हा या पिराने तिला शांत केले. सुलतानी अमलानंतर शिखर नष्ट झाल्याची परंपरा आणि त्याच जागी पिराचे स्थान, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे कथेचे कार्य ध्यानी येते. विजेत्यांचा संत येथे देवीचा शत्रू म्हणून नव्हे, तर तिचा राग निवविणारा म्हणून उभा केला आहे. शेजारी राहणाऱ्या दोन समाजांनी कटू घटनेवर शोधलेला तो एक तोडगा होता. अलीकडे मंदिराचा जीर्णोद्धार झाला. दर्गा परस्परसंमतीने जवळच हलविण्यात आला, नवे शिखर उभे राहिले आणि १८ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्यावर ध्वजारोहण झाले. पायथ्याचे चांपानेर, तेथील जामी मशीद व गडावरील देवालये मिळून या संपूर्ण परिसरास २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळालेला आहे. त्या वारशात राजपूत तटबंदी, सुलतानी मशिदी आणि देवीचे पीठ यांचा समावेश एकत्रच झाला आहे, हे विसरता कामा नये.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. जयसिंह रावळावरील आरोपाला इतिहासात आधार नाही. त्याने तह करून पाहिला, मित्राची मदत मागितली, मदत आली नाही तरी गड लढविला आणि शेवटी शरण जाण्यापेक्षा मृत्यू पत्करला. शत्रूच्या लेखणीने ज्याचे धैर्य नोंदविले, त्याला स्वकीयांच्या गाण्यांनी विषयासक्त ठरविले, हा अन्याय होय. जोहारात गेलेल्या स्त्रियांची आठवण ज्या गाण्यांत राहावयास हवी होती, त्यांत रूप बदलून आलेल्या देवीची व तिच्या पदराचीच आठवण राहिली. त्या वंशाच्या शाखांनी पुढे छोटा उदेपूर व देवगड बारिया येथे राज्ये केली. वंश बुडाला हे कथेचे म्हणणेही खरे नाही.

असे असले तरी कथा टाकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या तोंडी एक दुसरे सत्य आहे आणि ते राजांविषयी नसून प्रजेविषयी आहे. देवी राजसभेत प्रकट झाली नाही, यज्ञमंडपात प्रकट झाली नाही. ती सामान्य स्त्रियांच्या फेरात येऊन टाळ्या देत फिरली. त्या फेरातील स्त्रीला हात लावणारा राजा असला तरी त्याचे सिंहासन टिकणार नाही, असे ज्या स्त्रियांनी गायिले, त्यांनी आपल्या मानरक्षणाचा कायदाच त्या गाण्यात लिहून ठेवला. जयसिंहाच्या नावावर तो लिहिला गेला, ही त्याची दुर्दैवी गत. परंतु कायदा खोटा नव्हता.

म्हणून शिक्षकबंधूंना आमची विनंती एवढीच की, पावागडची गोष्ट सांगताना तिची दोन पाने वेगळी ठेवावीत. एका पानावर १४८४ सालचा गड, वीस महिन्यांचा वेढा आणि न वाकलेला जयसिंह असावा. दुसऱ्या पानावर नवरात्रातील फेर, रूप बदलून आलेली कालिका आणि पदर धरणारा पताई असावा. पहिले पान पुराव्याचे आहे आणि त्यावरून मृताला न्याय मिळतो. दुसरे पान लोकमनाचे आहे आणि त्यावरून जिवंतांना धाक व धीर मिळतो. दोन्ही पाने विद्यार्थ्याने वाचावीत. फक्त एकाची शाई दुसऱ्यावर उमटू देऊ नये.